जुन्या ट्रॅक्टरच्या सेल्फचं बेंडिक्स बदलताना

किल्ली फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, 'घूंऽऽ' करत नुसताच पळतो आणि इंजिन जागचं हलत नाही. पुन्हा मारावा तर एखाद्या वेळी लागतो, नाहीतर लोखंडावर लोखंड घासल्याचा 'खर्रर्र' आवाज येतो. जुना ट्रॅक्टर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या कानाला हे आवाज ओळखीचे आहेत. अशा वेळी बहुधा मोटर चांगली असते. बिघाड असतो तो मोटरीची ताकद इंजिनाच्या जड चाकापर्यंत, म्हणजे फ्लायव्हीलपर्यंत नेणाऱ्या छोट्या भागात, म्हणजे बेंडिक्समध्ये. हात चालत असेल आणि घाई नसेल, तर हे काम घरच्या हत्यारांनी अर्ध्या दिवसात होतं.

पहिल्यांदा मी हे काम केलं तेव्हा जुनं बेंडिक्स काढलं, नवं घातलं, ट्रॅक्टर एका झटक्यात सुरू झाला आणि मी हत्यारं पुसून ठेवली. काही आठवड्यांतच नव्या पिनियनचे, म्हणजे बेंडिक्सवरच्या छोट्या दातेरी चाकाचे, दात जुन्यासारखेच कुरतडले गेले. शाफ्टचं टोक ज्यात फिरतं तो पुढचा बुश झिजून सैल झाला होता, त्यामुळे शाफ्ट तिरका होत होता आणि पिनियन फ्लायव्हीलच्या कडेच्या दातेरी कड्याला, म्हणजे रिंग गिअरला, वाकड्या कोनात भिडत होतं. मी झिजलेला भाग बदलला होता, तो का झिजला हे पाहिलंच नव्हतं. म्हणून पुढे जिथं जिथं 'हे तपासा' म्हटलंय, ती पायरी गाळू नका. नवा भाग टिकतो तो या तपासणीमुळेच.

आत नेमकं काय घडतं

सेल्फच्या पिनियनला साधारण 9 ते 11 दात असतात आणि फ्लायव्हीलच्या रिंग गिअरला शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त. समजा पिनियनला 10 आणि रिंगला 110 दात आहेत. म्हणजे मोटर 11 वेळा फिरते तेव्हा इंजिन एकदा फिरतं. या गुणोत्तरामुळेच एवढीशी मोटर डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन मोडू शकते. पण इंजिन सुरू होऊन मिनिटाला 1000 फेरे घ्यायला लागलं आणि पिनियन अजून रिंगमध्येच अडकलेलं असलं, तर हाच हिशेब उलटा लागतो. आर्मेचर, म्हणजे मोटरीचा आत फिरणारा भाग, मिनिटाला 11,000 फेऱ्यांनी फिरू लागतं आणि त्यातल्या तारा खाचेतून उसळून बाहेर येतात. मग मोटर संपलीच. म्हणून पिनियनला दोन कामं नीट करावी लागतात: वेळेवर आत जाणं आणि वेळेवर बाहेर येणं.

जुन्या ट्रॅक्टरांत हे दोन रीतींनी साधलेलं दिसतं. पहिली रीत जडत्वाची, आणि खरं बेंडिक्स तेच. व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाच्या नावावरून हा शब्द आला आणि पुढे मेकॅनिक मंडळींनी सेल्फच्या कुठल्याही पिनियन जुळणीला तेच नाव दिलं. यात मोटरच्या शाफ्टवर मळसूत्री आट्यांची नळी असते आणि त्या आट्यांवर पिनियन सैल बसलेलं असतं. मोटर झटक्यात फिरली की जड पिनियन मागे रेंगाळतं. त्याच्या आतून आटे फिरत राहतात, त्यामुळे ते आट्यांवरून सरकत जाऊन रिंग गिअरमध्ये शिरतं. शेवटी अडकलं की बसणारा धक्का एक जाड स्प्रिंग झेलते. इंजिन पेटलं की रिंग गिअर पिनियनला शाफ्टपेक्षा जोरात फिरवतो, आणि ते त्याच आट्यांवरून उलटं मागे फेकलं जातं.

दुसरी रीत सोलेनॉईडची, म्हणजे करंट मिळताच दांडा ओढणाऱ्या विजेच्या चुंबकाची. सेल्फच्या अंगावर बसवलेला सोलेनॉईड एका काट्याने पिनियन आधी रिंगमध्ये ढकलतो आणि मग मोटरला पूर्ण करंट देतो. इथे पिनियनच्या मागे एकमार्गी रोलर क्लच असतो. मोटर इंजिनला फिरवते तेव्हा तो घट्ट धरतो, इंजिन पुढे पळालं की सुटा होतो.

तुमच्या ट्रॅक्टरचा प्रकार ओळखणं सोपं आहे. सेल्फच्या पाठीवर समांतर दुसरं छोटं नळकांडं असेल आणि ते पुढच्या तोंडाला जोडलेलं असेल, तर बहुतेक सोलेनॉईडचा प्रकार. अंग सपाट असेल आणि सोलेनॉईड किंवा स्विच दूर कुठेतरी बसवलेला असेल, तर बहुतेक जडत्वाचा. फर्ग्युसन टीई20 किंवा फोर्ड 8एन यांसारख्या 1940 आणि 50च्या दशकांतल्या पेट्रोल ट्रॅक्टरांत जडत्वाची रीत दिसते. नंतरच्या डिझेल इंजिनांना जास्त जोर लागायचा, तिथे सोलेनॉईडची रीत रुळली.

दोष खरंच बेंडिक्सचा आहे का

हा प्रश्न पाना हातात घ्यायच्या आधीचा. किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक्' आवाज येऊन सगळं थांबत असेल, किंवा सेल्फ कण्हत कण्हत फिरत असेल, तर आधी बॅटरी, केबल आणि अर्थ, म्हणजे बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या लोखंडाला जाणारी जोडणी, बघा. बेंडिक्सचा संशय तीन लक्षणांवर घ्यायचा. मोटर मोकळी पळते पण इंजिन फिरत नाही, हे पहिलं. दात घासल्याचा आवाज येतो, हे दुसरं. आणि इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फमधून बारीक किंचाळी येत राहते, म्हणजे पिनियन बाहेर येत नाही, हे तिसरं. तिसरं दिसलं तर ट्रॅक्टर तसाच चालवू नका, तिथल्या तिथे बंद करा. वरचा 11,000 फेऱ्यांचा हिशेब आठवा.

पहिल्या लक्षणातही एक चकवा आहे. जडत्वाचं पिनियन आत जातं ते मोटर झटक्यात वेग घेते म्हणून. बॅटरी अर्धमेली असली किंवा अर्थ गंजलेला असला, तर मोटर हळूहळू वेग घेते. मग पिनियन रेंगाळत नाही, शाफ्टबरोबर गरगरत राहतं, आणि मालकाला वाटतं बेंडिक्स गेलं. म्हणून मीटर लावून बघाच. 12 व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी शांत असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी भरा किंवा बदला. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या अर्थ टोकावर आणि दुसरी सेल्फच्या उघड्या धातूवर धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थची वाट खराब आहे. दोन्ही टोकं उघडून चकचकीत होईपर्यंत घासा. एवढ्यानेच काम झाल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

तुमचा ट्रॅक्टर मुळात 6 व्होल्टचा असून कुणीतरी नंतर 12 व्होल्टचा केलेला असेल, तर तेही लक्षात ठेवा. सेल्फ जुनाच राहिला असेल तर तो दुप्पट दाबाने फिरतो, पिनियन रिंगवर आपटतं, स्प्रिंगा तुटतात आणि दातांचे टवके उडतात. अशा ट्रॅक्टरचं बेंडिक्स वारंवार जाण्याचं कारण बहुधा हेच असतं. तिथे सेल्फ नेमका आवश्यक तेवढाच वेळ मारायचा, आणि जमेल तेव्हा 12 व्होल्टचा सेल्फ किंवा त्याच्या कॉइली बसवून घ्यायच्या.

सुरुवातीची तयारी

ट्रॅक्टर सपाट, कडक जमिनीवर घ्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांच्या पुढेमागे ठोकळे, किल्ली काढून खिशात. डिझेल इंजिन असेल तर स्टॉपची दांडी ओढून ठेवा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या टोकाला आणि ट्रॅक्टरच्या अंगाला एकाच वेळी टेकलेली अंगठी क्षणात लाल होते आणि बोट भाजून काढते.

मग बॅटरीची अर्थची वायर सोडा. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह टोक अंगाला जोडलेलं असतं. म्हणून निगेटिव्ह की पॉझिटिव्ह हे पाठ करण्याऐवजी, जी वायर इंजिनाच्या किंवा चासीच्या लोखंडाला जाते ती आधी सोडायची. जोडताना तीच शेवटी. असं केलं की पाना चुकून अंगाला लागला तरी ठिणगी पडत नाही.

एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगतो. जमिनीवर उभं राहून सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ट्रॅक्टर सुरू करायची सवय अनेकांना असते. दुरुस्ती करताना तर हा मोह हमखास होतो. त्या वेळी न्यूट्रलचा किंवा क्लचचा सुरक्षा स्विच असला तरी तो डावलला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो सुरू होताच पुढे सरकतो, आणि तुम्ही नेमके मागच्या मोठ्या चाकाच्या वाटेत उभे असता. अशी माणसं दगावली आहेत, पुन्हा पुन्हा दगावतात. ट्रॅक्टर सीटवर बसूनच सुरू करायचा.

हत्यारांत रिंग पाने, गोटी पाना आणि लांब एक्स्टेन्शन, सर्क्लिपची (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या कडीची) पक्कड, पंच, हातोडी, व्हाइस, बारीक कानस, तारेचा ब्रश, रॉकेल आणि उजेडाला चांगला टॉर्च लागेल. व्हर्नियर असेल तर उत्तम. डोळ्यांवर चष्मा हवाच. बेंडिक्सची स्प्रिंग सुटली तर थेट तोंडाकडे येते.

सेल्फ उतरवणं

आधी सेल्फच्या भोवतीची माती आणि तेलाचा थर खरवडून काढा, नाहीतर तो सगळा भोकातून आत जाईल. वायरी सोडण्याआधी फोनवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीची खूण बांधा. जाड केबलचा नट सोडताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. तो फिरला तर आतला तांब्याचा बोल्टही फिरतो आणि मोटरीतली जोडणी तुटते.

सेल्फ दोन किंवा तीन बोल्टांवर असतो. वरचा बोल्ट हमखास अडचणीत असतो, तिथे एक्स्टेन्शन लागतं. गंजलेले बोल्ट जोर लावून मोडण्यापेक्षा आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. शेवटचा बोल्ट सोडण्याआधी सेल्फला खालून आधार द्या. डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ चांगलाच जड असतो, आणि वाकून एका हाताने पेलायला गेलात की बोटं सापडतात. तो सरळ रेषेत मागे ओढा, तिरका ओढू नका. सेल्फ आणि हाउसिंगच्या मध्ये पातळ पत्रा किंवा जाड रिंग निघाली तर जपून ठेवा. पिनियन आणि रिंगमधलं अंतर त्यावर ठरतं.

भोक उघडं आहे तोवर

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी ही. सेल्फ बाहेर आहे, भोक उघडं आहे, हातात बॅटरीचा दिवा आहे. पूर्ण रिंग गिअर बघून घ्या. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू हाताने फिरवा, कुणाला तरी भोकाशी बसवा, आणि दात न् दात पाहा. जिथे झीज दिसेल तिथे खडूने खूण करा.

झीज सगळीकडे सारखी नसते, त्याचंही कारण आहे. बंद होताना इंजिन कॉम्प्रेशनवर अडून थांबतं, त्यामुळे दरवेळी त्याच त्याच जागी थांबतं. चार सिलिंडरच्या इंजिनात अशा जागा दोन असतात, एकमेकींच्या समोरासमोर. तीन सिलिंडरच्या इंजिनात तीन. पिनियन वर्षानुवर्षं तिथल्याच दातांवर आपटत राहतं. म्हणूनच 'कधी लागतो, कधी नाही' असा सेल्फ असेल आणि इंजिन थोडं हाताने फिरवल्यावर लागत असेल, तर दोष रिंगचा समजायचा.

दातांची नुसती कड बोथट झाली असेल तर चालवून घेता येतं. दात अर्ध्याहून अधिक खाल्ले गेले असतील, टोकदार झाले असतील किंवा तुटले असतील, तर नवं बेंडिक्स घालून उपयोग नाही, ती रिंग त्यालाही खाईल. रिंग बदलायला ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सोडवावे लागतात. जुनी रिंग उतरवून नवी तापवून फ्लायव्हीलवर बसवतात. नेमकं तापमान त्या रिंगच्या माहितीत दिलेलं असतं, त्याच्यावर तापवली की दातांचं पाणी उतरतं. हे काम मात्र जाणकार कारागिराकडे द्या. आणि क्लच बदलायला ट्रॅक्टर फोडायचाच असेल तर दोन्ही एकदम उरका.

हाउसिंगच्या आत तेलाचा ओलावा दिसला तर बहुधा क्रँकचं मागचं सील गळतंय. ते तेल आणि क्लचची धूळ मिळून जो चिखल होतो तो बेंडिक्सच्या आट्यांत बसतो. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या क्लच प्लेटांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं जायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की कायमची. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

जुनं बेंडिक्स काढणं: जडत्वाचा प्रकार

आधी सगळं रॉकेलने धुऊन पिनियन बोटांनी फिरवून बघा. ते आट्यांवरून सरसर सरकलं आणि सोडल्यावर छोट्या स्प्रिंगने परत आलं, तर दात चांगले असताना तुमचा दोष फक्त घाणीचा होता. नवं काही न घालता काम झालं. काही बेंडिक्सांत मात्र पिनियन पुढच्या टोकाला गेल्यावर आतला एक खिळा ते तिथे अडकवून ठेवतो. इंजिन एखादा फटका मारून विझलं तरी पिनियन लगेच बाहेर येऊ नये, म्हणून ही सोय असते. असं अडकलेलं पिनियन ठोकून मागे नेऊ नका, मोडेल. सेल्फ बसवून इंजिन सुरू झालं की वेगाने ते आपोआप सुटतं.

बेंडिक्स शाफ्टला धरण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, म्हणून जोर लावण्याआधी टोक नीट न्याहाळा. जाड स्प्रिंगचं टोक खास डोक्याच्या बोल्टने शाफ्टमध्ये बसवलेलं असेल, तर त्याखालच्या लॉक वॉशरचा वाकवलेला कान छन्नीने सरळ करा आणि बोल्ट सोडा. काहींत बोल्टाऐवजी आडवी पिन असते, ती स्प्रिंगच्या कडीखाली लपलेली असते. कडी मागे दाबून पिन उघडी करायची आणि पंचाने काढायची. काहींत टोकाला कॉटर पिन घातलेला नट असतो, काहींत सर्क्लिप. सर्क्लिपवाल्यात जाड स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय सर्क्लिप सुटत नाही. त्यासाठी स्प्रिंग दाबायचं साधन वापरा किंवा व्हाइसमध्ये पाइपच्या तुकड्याने दाबा. तोंड समोर आणू नका. मग बेंडिक्स शाफ्टवरून ओढून घ्या. खाली अर्धचंद्री चावी असेल तर ती आधी पकडा, ती पडली की सापडत नाही. निघालेले भाग निघाले त्याच क्रमाने कापडावर एका ओळीत मांडा.

जुनं बेंडिक्स काढणं: सोलेनॉईडचा प्रकार

सोलेनॉईड आणि मोटर यांना जोडणारी तांब्याची पट्टी सोडा, सोलेनॉईडचे बोल्ट काढा आणि त्याचा दांडा काट्यातून उचकवून बाहेर घ्या. सेल्फच्या अंगावर आणि पुढच्या तोंडावर एक सरळ रेघ ओढून ठेवा, जुळवताना तीच वाट दाखवते. मग दोन लांब बोल्ट काढायचे. काट्याची पिन काही सेल्फांत तिरकी फिरणारी असते आणि तिच्यावर लॉकनट असतो. तिची मूळ जागा पंचाने खुणावून ठेवा. आता पुढचं तोंड आणि आर्मेचर बाहेर येईल.

शाफ्टच्या टोकाशी एक कॉलर असते आणि तिच्या पोटात एक लॉक रिंग. कॉलर न काढता रिंग निघत नाही आणि रिंग असेपर्यंत कॉलर निघत नाही, इथे नवखा माणूस अडतो. शाफ्टवर बरोबर बसेल असा पाइपचा तुकडा घ्या, कॉलरवर ठेवा आणि हातोडीने कॉलर पिनियनच्या दिशेने ठोका. ती मागे सरली की रिंग उघडी पडते, मग पक्कडीने फाकवून काढा. खाचेच्या काठावर उठलेली बारीक कोर कानशीने साफ करा, नाहीतर बेंडिक्स निघताना त्याच्या बुशला ओरखडे पडतील.

निघालेला एकमार्गी क्लच रॉकेलमध्ये बुडवू नका. आतलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं, ते धुतलं गेलं की रोलर कोरडे पडतात आणि चांगला क्लच दोन महिन्यांत घसरू लागतो. फक्त बाहेरून पुसा. पिनियन एका दिशेने सहज फिरलं आणि दुसऱ्या दिशेने लगेच घट्ट झालं तर क्लच ठीक. दोन्हीकडे फिरलं, दोन्हीकडे अडलं किंवा अडखळत फिरलं, तर गेला.

नवा भाग जुळवताना

जुना भाग सोबत असल्याशिवाय नवा घेऊ नका. ट्रॅक्टरचं नाव सांगून मिळालेलं बेंडिक्स अनेकदा चुकतं, कारण मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत कुणीतरी भलताच सेल्फ बसवलेला असतो. सेल्फच्या अंगावरच्या पट्टीवर कोरलेला नंबर जास्त भरवशाचा. दोन्ही भाग शेजारी ठेवून दात मोजा. पिनियनचा बाहेरचा व्यास, आतल्या भोकाचा व्यास आणि एकूण लांबी मोजा. आट्यांचा पीळ त्याच दिशेचा हवा. जडत्वाच्या प्रकारात पिनियन मोटरीकडे सरकतं की मोटरीपासून दूर, हेही पाहा, दोन्ही तऱ्हेचे सेल्फ असतात. दातांच्या ज्या कडेने पिनियन रिंगमध्ये शिरतं ती कड तिरकी घासलेली असते, ती नव्यातही त्याच बाजूला असली पाहिजे. एक दात कमी-जास्त असलेलं पिनियन हाताने बसल्यासारखं वाटतं, पण ते रिंग खाऊन टाकतं.

सेल्फ उघडाच आहे तर

शाफ्ट पुढच्या बुशमध्ये घालून हलवून बघा. बोटाला खडखड जाणवली तर बुश बदला. आर्मेचरच्या अंगावर एका बाजूला घासल्याची चकचकीत पट्टी दिसत असेल, तर आणखी पुराव्याची गरजच नाही. नवा बुश सच्छिद्र काशाचा असेल तर बसवण्याआधी 24 तास स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. तो आयुष्यभर त्याच तेलावर चालतो. आतून रीमर फिरवू नका, छिद्रं बंद होतात. नेमक्या मापाचा गुळगुळीत दांडा आत घालून त्याच्यासकट दाबून बसवा.

आर्मेचरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश निम्म्याहून जास्त झिजले असतील तर आत्ताच बदला. हे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळवंडला असेल तर बारीक काचपेपरने फिरवून पुसा. एमरी वापरू नका, तिचे कण तांब्यात रुततात आणि कार्बन खातात.

जोडणी

शाफ्ट स्वच्छ पुसा, ओरखडे असतील तर बारीक कागदाने काढा. जडत्वाच्या बेंडिक्सच्या आट्यांना ग्रीस लावू नका. हात शिवशिवतो, लोखंडावर लोखंड कोरडं ठेवायला मन होत नाही, पण ग्रीसवर क्लचची धूळ बसून आटे चिकटतात आणि पिनियन अर्ध्या वाटेत थांबतं. कोरडं ठेवा, फार तर पातळ मशीन ऑइलचा एक थेंब लावून पुसून घ्या. चावी बसवा, बेंडिक्स चढवा, नवा लॉक वॉशर घालून बोल्ट आवळा आणि वॉशरचा कान बोल्टच्या सपाट बाजूवर नीट वाकवा. जुना वॉशर दुसऱ्यांदा वाकवला की तुटतो, आणि तुकडा थेट फ्लायव्हील हाउसिंगमध्ये पडतो.

सोलेनॉईडच्या प्रकारात मात्र शाफ्टच्या खाचांना आणि काट्याच्या टोकांना उष्णता सोसणारं ग्रीस बोटभर लावायचं. बेंडिक्स चढवा, मग कॉलर, तिची पोकळ बाजू शाफ्टच्या टोकाकडे. नवी लॉक रिंग खाचेत बसवा, ती सैल वाटली तर पक्कडीने दाबून गोल करा. मग दोन पान्यांनी दोन्ही बाजूंनी कॉलर वर उचलत रिंगवर ओढा, 'टक्' आवाज येऊन रिंग तिच्या पोटात गेली पाहिजे. रिंग थोडी जरी बाहेर दिसली तर पुन्हा करा. पुढे खुणेच्या रेघा जुळवत तोंड, लांब बोल्ट आणि सोलेनॉईड बसवा, आणि काट्याची पिन जुन्या खुणेवर आणा.

बाकावर चाचणी

सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट आवळा. मोकळा ठेवून करंट दिला तर तो उसळून अंगावर येतो. एक केबल त्याच्या अंगाला, दुसरी मुख्य बोल्टाला, आणि सोलेनॉईड असेल तर त्याच्या छोट्या टोकालाही क्षणभर करंट द्या. जडत्वाचं पिनियन झटक्याने पुढे उडालं पाहिजे. सोलेनॉईडचं पिनियन आधी सरकून मग फिरलं पाहिजे. सरकलेल्या स्थितीत पिनियन आणि कॉलर यांच्यात किंचित फट राहिली पाहिजे. पिनियन कॉलरवर आपटत असेल किंवा पूर्ण पुढे येत नसेल तर तिरकी पिन फिरवून जुळवा. चाचणी दोन-तीन सेकंदांचीच ठेवा. ही मोटर सिरीज प्रकारची असते, ओझं नसताना तिचा वेग वाढतच जातो.

परत ट्रॅक्टरवर

सेल्फचं आणि हाउसिंगचं एकमेकांना टेकणारं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करा. सेल्फचा परतीचा करंट याच जागेतून जातो, म्हणून इथे रंग लावू नका. काढलेला पत्रा असेल तर परत घाला. सेल्फ हाताने सरळ आत गेला पाहिजे, बोल्ट आवळून आत ओढायची वेळ आली तर कुठेतरी अडतंय, बाहेर काढून बघा. बोल्ट आलटून पालटून आवळा. वायरी फोटो पाहून जोडा, अर्थची वायर शेवटी.

सीटवर बसा, न्यूट्रल पुन्हा तपासा. पहिल्यांदा डिझेलचा स्टॉप ओढलेलाच ठेवून तीन-चार सेकंद सेल्फ मारा. आवाज एकसारखा, भरीव हवा, आणि किल्ली सोडताच पिनियन सुटल्याचं कळलं पाहिजे. बारीक किंचाळी आली तर पिनियन आणि रिंगमधलं अंतर चुकलंय, पत्रा परत तपासा. मग इंजिन खडूच्या वेगवेगळ्या खुणांवर आणून प्रत्येक जागेवरून एकदा सेल्फ मारून बघा. सगळीकडून लागला की स्टॉप आत ढकला आणि ट्रॅक्टर सुरू करा.

यापुढे एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा. इंजिन फिरायचं पूर्ण थांबल्याशिवाय पुन्हा किल्ली फिरवायची नाही. उलटसुलट हेलकावणाऱ्या रिंगमध्ये पिनियन घुसलं की नव्या बेंडिक्सचेही दात एका फटक्यात जातात.